टेनिस न खेळता ‘टेनिस एल्बो’

पुनावळ्यापासून जवळच असलेल्या बालेवाडीत २०१८ ते २०२३ या काळात ‘महाराष्ट्र ओपन’ टेनिस स्पर्धा रंगत असे. मात्र ‘टेनिस एल्बो’ झालेल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. चाकणच्या कारखान्यात दिवसभर नट आवळणारा कामगार, हिंजवडीत तासन् तास माउस चालवणारा अभियंता, चार घरी पोळ्या लाटणाऱ्या मावशी, या साऱ्यांना तो गाठू शकतो.

मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला कंडरेने जोडलेले असतात. कोणतीही वस्तू घट्ट धरताना मनगट स्थिर ठेवायचे काम हेच स्नायू करतात. तोच ताण पुन्हा पुन्हा पडला की कंडरेची झीज होते आणि शरीराची दुरुस्ती मागे पडते. मग चहाचा कप उचलतानाही कळ येते. बॅकहँड असो वा पाना, कंडरेला दोन्ही सारखेच.

नावाची गंमत अशी, की जर्मन वैद्य रुंगे यांनी या दुखण्याचे वर्णन १८७३ मध्येच केले आणि तेही लिखाणाच्या संदर्भात. लॉन टेनिसचे पेटंट घेतले गेले १८७४ मध्ये! १८८३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस एल्बो’ हे शब्द आले आणि तेच रूढ झाले. आपल्याकडे ते घरोघरी पोहोचले ते सचिन तेंडुलकरमुळे. २००४ मध्ये त्याचा डावा कोपर दुखावला आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली.

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. ताण कमी केला आणि नियमित व्यायाम केला, तर साधारण वर्षभरात आराम पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने कळ लगेच थांबते. पण वर्षभरानंतर असे रुग्ण इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिल्याचे अभ्यासांत दिसले आहे. उद्याची पाळी चुकू नये म्हणून सुई टोचून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

खेळाडूचा कोपर दुखला तर त्याला विश्रांती मिळते. कामगाराचा दुखला तर खाडा लागतो. म्हणून उपाय दवाखान्याइतकाच कारखान्यातही हवा. कामाची अदलाबदल, जड अवजार वरून टांगण्याची सोय आणि मध्ये थोडी उसंत, एवढ्याने बरेच साधेल. डॉक्टरांनीही कोपर तपासण्याआधी विचारावे, ‘काम काय करता?’