पाण्याचा सत्याग्रह आता प्रयोगशाळेतही

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आमच्या पोरापोरांना पाठ आहे. पण 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री म्हणून त्यांनी दामोदर खोऱ्याच्या नियोजनाला दिशा दिली, आजच्या केंद्रीय जल आयोगाची मूळ संस्था 1945 साली त्यांच्याच खात्यात उभी राहिली, हे किती जणांना ठाऊक आहे? 1918 सालीच त्यांनी शेतजमिनीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला होता. पाण्याचा हक्क मागणारा हा महामानव जमीन आणि पाण्याच्या धोरणाचाही अभ्यासक होता. आम्ही मिरवणूक उचलली, अभ्यास मात्र सोडून दिला.

अंबरनाथ पश्चिमेला राहून हे विसरता येत नाही. आमची वालधुनी नदी म्हणून जन्मते आणि नाला होऊन उल्हासनगर, कल्याणकडे जाते. तिच्या काठावर झोपड्या कुणाच्या? 2014 च्या अखेरीस उल्हासनगरात नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोक रुग्णालयात गेले. 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे 95 कोटींचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. दुर्गंधी आमच्या घरात आणि अर्जदार दुसरे! यात त्यांचा दोष नाही, आमची उणीव आहे.

कायदा आमच्या बाजूने आहे. स्वच्छ पाणी हा कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितले. पण वकील भाषणावर खटला जिंकत नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानुसार पाण्याचा नमुना नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद केला नसेल, तर त्याचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. नमुना कुठून घ्यायचा, काय तपासायचे, अहवालात काय लिहायचे, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर आपले किती जण आहेत?

बारावीचा निकाल लागला की घरात डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा एवढीच चर्चा होते. पर्यावरणशास्त्र, भूजलशास्त्र, जलधोरण यांचे नावही निघत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने जलधोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या वाटेवर पगार उशिरा येतो, हे खरे. म्हणूनच नोकरीत स्थिरावलेल्यांनी अशा एकेका मुलाचा खर्च उचलावा. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा त्यासाठी बाजूला काढावा.

तळ्याचे पाणी आपण मिळवले. ते पिण्यालायक आहे की नाही, हे सांगणारी माणसेही आता आपल्याच वस्तीतून उभी राहिली पाहिजेत.