ओसरी कोणासाठी?

जामसावळीच्या मारुतीचे दर्शन आपल्या घरांना नवे नाही. मंगळवार-शनिवारी सौंसरहून निघायचे, नारळ वाढवायचा, नदीकाठी क्षणभर टेकायचे आणि परतायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर त्यात आले. दोन्ही गोष्टींचा आपल्याला आनंद झाला, तो रास्तच होता. आता जो तो नकाशे काढतो आहे. कोणी लॉजचा, कोणी भोजनालयाचा, कोणी वाहनतळाचा. या नकाशांत मुलांची खोली कुठे आहे, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

मुले म्हणजे कोणती? फुलाहाराच्या दुकानामागे पोत्यावर झोपणारी. आईबाप बांधकामावर असताना वाळूच्या ढिगावर दिवस काढणारी. संत्र्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांसोबत बागेतून बागेत फिरणारी. यांतली बहुतेक अनाथ नाहीत. त्यांना आई आहे, पण ती दिवसभर कामावर आहे. गाव लहान होते तेव्हा अशा पोरावर गल्लीतल्या चार बायांची नजर असे. गावात रोज परकी माणसे येऊ लागली की ती नजर विरळ होते, आणि नेमक्या त्याच वेळी तिची गरज वाढते.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे गावाबाहेर सरकारी जागा, उंच भिंत आणि फाटकावर पाटी. ज्याला खरोखर कोणी नाही त्याच्यासाठी बालगृह हवेच. २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत ५० मुलांच्या बालगृहाचे माप दिले आहे. २५ मुलांमागे १००० चौरस फुटांची शयनखोली, म्हणजे एका मुलाला ४० चौरस फूट. शिवाय वर्ग, वाचनालय, आजाऱ्यांची खोली, मैदान. नव्या जिल्ह्यात असे बांधकाम निघाले तर हे माप कागदावर राहू नये, यासाठी आपण जागरूक राहिले पाहिजे. पण २०१५ चा बाल न्याय कायदाच सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, आधी कुटुंब. म्हणून आपल्याला जास्त गरज आहे ती वस्तीतच असलेल्या, दिवसभर उघड्या, लहान जागेची.

ही कल्पना आपल्याच भाषेतली आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसताच त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे इमारतीने जायचे, हा त्यांचा धडा. आज त्या शब्दाच्या पाट्या देशभर लागल्या आहेत. अंगण मात्र अनेक ठिकाणी राहून गेले.

आपल्या जुन्या वाड्यांकडे पाहा. जाड भिंती, कौले, रस्त्याला लागून ओसरी, आत चौक, चौकात कडुनिंब, आणि स्वयंपाकघरातून दिसणारे अंगण. मूल खेळते आहे आणि कोणीतरी त्याला पाहते आहे, अशी ही रचना आहे. वैशाखाच्या उन्हात सिमेंटच्या पत्र्याखाली मुले कोंडणाऱ्यांनी ती समजून घ्यावी. पण एक गोष्ट आपणही कबूल केली पाहिजे. या ओसरीवर कोणी चढायचे आणि कोणी पायरीखाली उभे राहायचे, हेही वाड्यानेच ठरवले होते. ताराबाईंना अंगण शोधत वस्तीत जावे लागले, ते त्यामुळेच. आज यातले कितीतरी वाडे कुलूपबंद आहेत. मुले नागपूर-पुण्याला, चाव्या शेजारी. तीच ओसरी आता उघडता येईल का, हा आमचा प्रश्न आहे.

आपली अडचण आम्ही जाणतो. जमिनीचे भाव वाढत आहेत आणि दिलेली जागा परत मिळेल का, ही भीती घराघरांत आहे. म्हणून दान मागत नाही. मालकी घराण्याकडेच राहावी, पुढचा भाग १० वर्षांच्या लेखी करारावर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला मिळावा, दुरुस्ती त्यांनी करावी.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अंगणवाडीसाठी किमान ६०० चौरस फूट बांधीव जागा सरकारच्याच निकषात आहे, ती द्यावी. पाळणा योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांची सोय आहे. ती जामसावळी आणि बाजारपेठेत आणावी आणि तिची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळवावी. दार गल्लीकडे असावे, वाहनतळाकडे नको. मोठ्या माणसासोबत मूल कोणाच्या नजरेआड राहील असा एकही कोपरा नसावा. नळ आणि संडास मुलांच्या उंचीचे असावेत. नकाशा पक्का करण्यापूर्वी त्या मुलांच्या आयांना विचारावे.

आणखी एक. सिंधुताई सपकाळ यांनी चिखलदऱ्यासारख्या पर्यटकांच्या गावात मुलींसाठी वसतिगृह उभे केले, तेव्हा अशा गावात हे होऊ शकते. पण यात्रेकरूंनी येऊन लाडू वाटावेत, फोटो काढावेत आणि निघून जावे, असे आपल्या ओसरीचे होऊ देऊ नये. निराधार मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्यानेही मनाई आहे. मूल हे गावाचे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीकाठी डॉक्टर, तंबू, बंदोबस्त सगळे उभे राहते. एका दिवसासाठी जे जमते, त्याचा अंश तरी वर्षभर जमावा.

सुरुवात दुसऱ्यांपासून नको. आपले समाजभवन लग्नसराई सोडली तर रिकामेच असते. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ त्याचा पुढचा दिवाणखाना आणि अंगण वस्तीतल्या मुलांसाठी, कोणत्याही जातीच्या, कोणत्याही भाषेच्या, उघडे करावे, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी सभेस अवश्य यावे आणि तो तिथे, सर्वांसमक्ष, सांगावा.