हुकमाचं वाजप बंद



आपल्यातले काही जण म्हणतात, जाझ म्हणजे साहेबलोकांची चैन. थंडगार हॉल, हातात ग्लास, कोपऱ्यात एक माणूस पिपाणी फुंकतोय. आपला काय संबंध? आपल्याला आपला जलसा पुरे.

संबंध आहे. आणि रोकडा आहे. वाजवणारा कोण, वाजवायचा हुकूम कुणाचा आणि वाजवलेलं टिपून कोण ठेवतो, या तीन प्रश्नांचा संबंध आहे.

एकच रेकॉर्ड घेऊ. न्यूयॉर्कमध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा नाईटक्लब आहे. १९३५ पासून त्याच तळघरात. शंभर-सव्वाशे माणसं दाटीने बसतील एवढी जागा. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथे जॉन कोलट्रेन वाजवत होता. जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायनातला. तिथे काळ्यांची शाळा वेगळी, नळ वेगळा. पोरवयात फिलाडेल्फियाच्या साखर कारखान्यात कामाला लागलेला माणूस. रूडी व्हॅन गेल्डर या रेकॉर्डिंगवाल्याने आपली यंत्रं त्या तळघरात उतरवली आणि चार रात्री टेप फिरवली. तारीख १, २, ३ आणि ५. १९६२ साली इम्पल्स कंपनीने त्यातले तीन तुकडे काढून रेकॉर्ड बाजारात आणली.

शेवटचा तुकडा 'चेसिन द ट्रेन'. सोळा मिनिटांचा. आधी बांधलेली चाल नाही. पियानो गप्प. खाली बेस, मागे एल्विन जोन्सचे ड्रम, पुढे सॅक्सोफोन. ओरडतो, खाकरतो, एकच तुकडा उलटापालटा करून फोडतो. त्यावर नाचता येत नाही, गुणगुणता येत नाही. क्लबचा धंदा दारूचा. गिऱ्हाइकाला गोड लागेल तेच वाजवायचं हा अशा जागेचा न बोललेला हुकूम. कोलट्रेनने तो मोडला आणि मोडताना टेप चालू होती. ही खरी गोष्ट.

आत टाळ्या पडतात म्हणून बाहेर इज्जत मिळते असं समजू नका. १९५९ च्या ऑगस्टात त्याच शहरात बर्डलँड क्लबच्या दारात पोलिसांनी माइल्स डेव्हिसचं डोकं फोडलं. गुन्हा काय? फुटपाथवर उभा होता, हल म्हटल्यावर हलला नाही. वर पाटीवर त्याचंच नाव लागलेलं होतं.

आणि १९६१ च्या त्याच नोव्हेंबरात 'डाउन बीट' मासिकात जॉन टायनन नावाच्या समीक्षकाने कोलट्रेनच्या वाजवण्याला 'अँटी-जाझ' म्हटलं. म्हणजे जाझ काळ्यांनी जन्माला घालायचं आणि त्याचा जन्मदाखला मासिकवाल्यांनी द्यायचा. ओळखीचं वाटतं ना? 'ही कविता का शिवीगाळ' असं आपल्याला विचारणारे दुसरे कोण होते?

आता ढोलाचं ऐका. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केलं. ढोल बडवत निघाले. १७४० साली कायदा आला, गुलामाने ढोल वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही. आपलं उलटं. आपल्या गळ्यात डफडं बांधलं. मयत, वरात, दवंडी, जत्रा, पाटील म्हणेल तेव्हा बडव. तिथे वाजवलं तर फटके, इथे नाय वाजवलं तर फटके. दोन्हीकडे हुकूम मालकाचा. म्हणून धम्म घेतल्यावर कित्येक गावांत आपल्या म्हाताऱ्यांनी हे वाजप टाकून दिलं. बरोबर केलं. त्यांना संगीताचा राग नव्हता. तो संप होता.

पण संपानंतर कामगार यंत्राला पुन्हा हात लावतो तो आपल्या अटींवर. सॅक्सोफोन लष्करी बँडात वाजायचा. काळ्यांनी तो उचलला आणि कुठल्या साहेबाने सांगितलं नव्हतं ते त्यातून काढलं. आपली ही पायरी राहिलीय.

राहिल्याने काय होतं बघा. त्याच चार रात्रींत कोलट्रेनने 'इंडिया' नावाचा तुकडाही वाजवला. तो १९६३ च्या 'इम्प्रेशन्स' रेकॉर्डवर आला. कोलट्रेन रविशंकरांच्या रेकॉर्डी ऐकायचा. १९६५ साली झालेल्या पोराचं नाव त्याने रवी ठेवलं. 'इंडिया'ची चाल रेकॉर्डवरच्या वेदपठणावरून आलेली आहे, असं त्याचा चरित्रकार लुईस पोर्टर सांगतो. वेद! गौतम धर्मसूत्र म्हणतं, शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओता. आणि ज्याचे वाडवडील बाजारात विकले गेले त्या माणसाच्या कानात हिंदुस्थान म्हणून तोच वेद गेला.

यात कोलट्रेनचा दोष नाही. समोर आलं त्यातून त्याने घेतलं. पण समोर काय आलं आणि काय आलंच नाही? १९४६ साली बाबासाहेबांनी डुबॉईसना पत्र लिहिलं होतं, काळ्यांनी युनोला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. कागदावर आपण अमेरिकेत पोचलो होतो. आवाजाने पोचलो नाही. सतारीला रेकॉर्ड कंपनी होती, आपल्या जलशाला पेट्रोमॅक्सची बत्ती.

जागेचंही तेच. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात अस्पृश्याला साच्यावर उभं राहू देत नव्हते. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडाने ओढायला लागायचा. आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. चांगला पगार साळखात्यात, म्हणून ते त्यांचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना यावर धारेवर धरलं. पुढे १९८२ चा संप, अडीच लाख कामगार. गिरण्या बसल्या, गिरणगावची माणसं भाईंदर-नालासोपाऱ्याकडे फेकली गेली. आणि २००७ साली लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग नावाचा नाईटक्लब निघाला. २०१६ पर्यंत चालला. तिथे जाझही वाजलं. ज्या गिरणगावात आपल्या तोंडाला धोटा वर्ज्य होता तिथे तोंडाने फुंकायच्या वाद्याला तिकीट लागलं. साखर कारखान्यातल्या काळ्या मजुराचं संगीत गिरणीच्या जमिनीवर आलं, पण गिरणी कामगाराची पोरं भाईंदरला!

म्हणून जाझला शिव्या देऊ नका. ते आपल्याच नात्यातलं आहे, पकडून नेलेलं आहे.

आणि बोट आपल्याकडेही वळवा. जयंतीला आपण काय करतो? पुढाऱ्याच्या पैशाने डीजेच्या भिंती उभ्या करतो. छाती हादरते, शब्द कळत नाही. बॅनरवर पुढारी मोठा, बाबासाहेब छोटे. वस्तीतला गाणारा त्या भिंतीखाली गप्प. हेही हुकमाचंच वाजप. फक्त पाटील बदलला.

भीमराव कर्डकांचे जलसे रात्र-रात्र चालले. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, गावोगाव गाऊन हजारो गाणी देऊन गेले. त्यातल्या किती रात्री टेपवर आहेत? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण आनंद पटवर्धनांच्या कॅमेऱ्यासमोर ते गायले होते. आता तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. कुणाची वाट बघताय?

भाईंदर-मीरा रोडच्या पोरांनो, येत्या १४ एप्रिलला एक रात्र डीजे बंद ठेवा. हलगीवाल्याला बोलवा. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट-सॅक्सोफोन फुंकणारे काका बोलवा, ते आपल्यातच सापडतील. वरातीत ते सिनेमाची चाल वाजवतात ती पोटासाठी, हुकमाने. त्यांना सांगा, काका, आज हुकूम नाही, तुम्हाला वाटेल ते वाजवा, वाटेल तेवढा वेळ. ठरलेले पैसे आधी हातात द्या, फुकट राबवू नका. आणि सगळं टिपा. कुणाचा खोकला आला, पोर रडलं, वरून लोकल गेली, काढू नका. गोड करू नका. वर तारीख लिहा, वस्तीचं नाव लिहा आणि वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहा.

कुणी म्हणेल, हे काय संगीत आहे? म्हणू द्या. टेप बंद करू नका.

जयभीम.