दुसरी उडी

दसऱ्याच्या सुट्टीत नांदूरघाटला गेलो होतो. विहिरीवर पोरांचा गलका चालला होता. कुणी पाय पोटाशी घेऊन मुटका मारी, कुणी सूर. एक पोर तेवढे काठावर उभे.

"का रे, पोहता येत नाही?"

"येतंय की, सर! पण काल छातीवर पडलो. समदे हसले."

मला ग्रेग लुगानिसची आठवण झाली. पाण्यात उड्या मारण्याच्या कलेतला हा अमेरिकन बादशहा. १९७६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले. १९८४ साली फळी आणि मनोरा, दोन्हींची सुवर्णपदके. तसाच दुहेरी पराक्रम आपल्या के. पी. ठक्कर यांनी १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई सामन्यांत केला होता.

पाण्यापासून तीन मीटरवरची ती फळी मोठी लहरी असते. टोकावर भार अचूक पडला, तर ती माणसाला आभाळात फेकते; चुकला, तर सूड घेते. १९८८ साली सोलला प्राथमिक फेरीत तिने तो घेतला. उलटी कोलांटी घेताना लुगानिसचे डोके फळीवर आपटले. आपल्याला एचआयव्हीची बाधा आहे, हे त्याला काही महिन्यांपूर्वीच कळले होते. जगाला त्याने ते १९९५ साली सांगितले. त्या घटकेला जखमेहून भय मोठे असले पाहिजे. पण टाके घालून तो पुन्हा फळीवर चढला. पाठीशी रॉन ओब्रायन हे त्याचे गुरू होते. दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक त्याचेच होते; पुढे मनोऱ्याचेही.

आता माझी गोष्ट. याच विहिरीत माझा एक सवंगडी असाच पालथा पडला होता. सर्वांत मोठ्याने मी हसलो. तो पुन्हा कधी विहिरीवर आला नाही. पुढे मी मास्तर झालो. वर्गात वाचताना एखादा अडखळतो, बाकीचे हसतात आणि तो वर्षभर तोंड उघडीत नाही. अशा वेळी मला ती विहीर दिसते. पहिली उडी माणूस स्वतःच्या जोरावर मारतो. दुसरीला काठावर कुणीतरी आपले लागते.

मी चपला काढून पायरीवर बसलो. "मार उडी. मी आहे."

पोराने मारली. पुन्हा छातीवरच पडले! वर येऊन, नाकातले पाणी शिंकरीत त्याने विचारले, "बरी होती का, सर?"

"कालच्यापेक्षा बरी असणार," मी म्हणालो. "चल, वर ये. आणखी एक."