शिक्का मारलात, तर नियमही सांगा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळातल्या प्राण्यांचं पुस्तक, 'मॉन्स्टर मॅन्युअल', २०२५ मध्ये नव्याने आलं आणि गॉब्लिन या प्राण्याचा वर्ग बदलला. २०१४ च्या पुस्तकात तो 'ह्युमनॉइड' होता, आता 'फे' झाला. कोबोल्ड 'ड्रॅगन' झाला, नोल 'फीन्ड'. 'होल्ड पर्सन' हा मंत्र फक्त ह्युमनॉइडवर चालतो. म्हणजे कालपर्यंत जागच्या जागी खिळणारा गॉब्लिन आज त्याच मंत्राला दाद देणार नाही. जुन्या सवयीने खेळणाऱ्याला हे कळतं ते ऐन लढाईत, मंत्र फुकट गेल्यावर.

या खेळात प्राण्यांचे चौदा वर्ग आहेत, पण वर्गांना स्वतःचे नियम जवळपास नाहीतच. 'अनडेड' (मरूनही चालतंफिरतं) असल्याने काय फरक पडतो, हे क्लेरिक या पुरोहित-पात्राच्या 'टर्न अनडेड' या शक्तीत किंवा एखाद्या मंत्राच्या शेवटच्या ओळीत शोधावं लागतं. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत याच्या उलट होतं. अनडेडवर विष, झोप, मनावरची जादू, क्रिटिकल हिट यांतलं काहीच चालत नाही, असं वर्गापाशीच लिहिलेलं असे. यादी लांबलचक होती आणि मर्मावर घाव घालणारं 'रोग' (rogue) हे पात्र सांगाड्यांपुढे हतबल होई. ते ओझं उतरवलं हे योग्यच झालं. पण त्यासोबत स्पष्टताही गेली.

पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. तिथे 'फिअर' मंत्रावर 'मेंटल' हा ट्रेट, म्हणजे गुणधर्माचा शिक्का, छापलेला असतो आणि झॉम्बीवर 'माइंडलेस'. माइंडलेस प्राण्यावर मेंटल परिणाम होत नाही, ही व्याख्या पुस्तकातच दिलेली आहे. नवखा खेळाडूही दोन शिक्के जुळवून उत्तर काढतो. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

मला हीच पद्धत न्याय्य वाटते. असा शिक्का, म्हणजे कीवर्ड, हा नियम लिहिणाऱ्याने खेळाडूशी केलेला करार आहे. त्यातली कलमं खेळाडूला आधी वाचता आली पाहिजेत. तरच त्याने घेतलेला धोका त्याचा स्वतःचा ठरतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सने पुढच्या आवृत्तीत प्रत्येक वर्गापुढे दोनच ओळी छापाव्यात: यावर काय चालतं, काय चालत नाही. तोवर ही जबाबदारी डंजन मास्टरची, म्हणजे तिथल्या गेम मास्टरची. गॉब्लिनांच्या शेजारी वाढलेल्या जादूगार-पात्राला त्यांच्यावर कोणता मंत्र चालत नाही हे ठाऊक असणारच. मग ते त्याच्या खेळाडूला पहिला फासा पडण्याआधी सांगायलाच हवं.