तुळस का वाळली ते सुनेला विचारू नका

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या श्रीपुरात दोन गोष्टी हमखास होतात. कारखान्याचा हंगाम ऐन भरात येतो, आणि दारोदारच्या कुंड्यांतल्या तुळशी माना टाकायला लागतात. पहिल्या गोष्टीचं कारण शेंबडं पोरही सांगेल. दुसरीचं कारण मात्र कुणी शोधत नाही. ते सरळ ठरवलं जातं. आणि बहुतेक घरांत ते कारण म्हणजे घरातली सगळ्यात नवी, नाहीतर सगळ्यात गप्प बसणारी बाई असते.

"हिनं विटाळात हात लावला असणार." "पाणी घालायला विसरली असेल, लक्ष कुठं असतं हिचं?" "नवी सून आली आणि तुळस जळली, आता काय समजायचं ते समजा." पांढऱ्या पायाची वगैरे शब्द हल्ली तोंडावर बोलत नाहीत, पण मनातून गेलेत असं कुणी मला सांगू नये.

तर मंडळी, आज मी भांडायला बसले आहे. मी स्वतः दोन सुनांची सासू आहे, रोज सकाळी तुळशीला हात जोडते, कार्तिकात तिचं लग्नही लावते. तेव्हा "या शिकलेल्या बायकांना देवाधर्माचं काय" हे वाक्य माझ्यापुरतं आधीच बाजूला ठेवा.

माझं म्हणणं साधं आहे. थंडीत तुळस वाळते ती कुणाच्या पायगुणानं नाही, स्पर्शानं नाही, आणि बहुतेक वेळा हलगर्जीपणानंही नाही. उलट फार प्रेमानं, फार नियमानं घातलेल्या पाण्यानं वाळते.

हे झाड उष्ण प्रदेशातलं. शास्त्रज्ञ त्याला ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हणतात, आणि आपला सब्जा हा त्याच कुळातला, अगदी चुलत भाऊ. या कुळाला थंडी सोसत नाही. बर्फ पडायची गरजच नाही. पारा १०-१२ अंशांच्या खाली उतरला की पेशींची आवरणं ताठरतात आणि मुळांना पाणी ओढणं जमेनासं होतं. खोटं वाटत असेल तर सब्जाची हिरवी पानं आणि कोथिंबीर शेजारी शेजारी फ्रीजमध्ये ठेवून बघा. कोथिंबीर आठवडाभर टवटवीत राहील, सब्जा दोन-तीन दिवसांत काळा पडेल.

आता आमच्याकडे काय होतं ते बघा. सोलापूरच्या बाजूला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी १५-१६ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे नुसत्या थंडीनं तुळस मरावी एवढी काही ती थंडी नाही. पण अधूनमधून लाट येते, त्यात उसाच्या फडांनी आणि कालव्याच्या पाण्यानं वेढलेल्या आमच्या भागात पहाटेचा गारवा जरा जास्तच झोंबतो. अशा दिवसांत तुळशीची वाढ थांबते, पानांतून पाणी कमी उडतं, म्हणजे तिला पाणी लागतंच कमी. आपण मात्र जेठात घालतो तेवढाच तांब्या पौषातही घालतो. रोज. आंघोळ करून, सूर्य उगवायच्या आत, गार पाण्याचा.

त्यात आपली माती. काळी कसदार माती शेतात सोनं असेल, कुंडीत ती चिखल होते. ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. कोंडलेली मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं लोंबतात. वरून बघणाऱ्याला वाटतं बिचारी तहानेली आहे. मग आणखी एक तांब्या! पाण्यात बुडणाऱ्याला आपण तहानेला समजून पाणी पाजत असतो, आणि तो मेला की सुनेकडे बघतो.

हे मी एवढं पोटतिडकीनं का लिहिते आहे? (पुढचं माझ्या भाचीला विचारूनच लिहिते आहे.) माझी ही भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिथल्या देवळात ओळख झालेल्या एका बाईंनी तिला तुळशीचं रोप दिलं होतं. जीव लावला होता तिनं त्याला. उन्हाळाभर छान वाढलं. पुढं हिवाळ्यात तिला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही. त्याच पंधरवड्यात तुळसही वाळली. इकडून व्हिडिओ कॉलवर घरातल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "तुळस आधीच सांगत होती गं. तू लक्ष दिलं नाहीस."

चांगली इंजिनीअर झालेली मुलगी. मला फोन करून रडत म्हणाली, "मावशी, मी खरंच रोज पाणी घालत होते गं."

घालत होतीच. तिला जसं शिकवलं होतं, अगदी तसंच. पण मिनियापोलिसला जानेवारीच्या रात्री पारा सरासरीनं उणे १० च्याही खाली असतो. झाड घरात घेतलं तरी डिसेंबरातला दिवस तिथं जेमतेम पावणेनऊ तासांचा. आमच्या श्रीपुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांचा असतो, आणि ऊन कसं, डोळे दिपवणारं. तिथल्या खिडकीतून येतो तो उजेड, ऊन नव्हे. वर हीटरची कोरडी हवा, खिडकीच्या काचेची गारठ, आणि कुंडीत रोजचं पाणी. या सगळ्यात एका मुलीच्या पोटातल्या बाळाचा संबंध कुठं येतो? मला कुणी दाखवा. जिच्या पाठीवरून हात फिरवायचा, तिच्यावर एका रोपाची साक्ष काढायची, याला मी श्रद्धा म्हणत नाही. याला निर्दयपणा म्हणतात.

आता विटाळाचं बोलू, कारण त्याशिवाय हे भांडण पुरं होत नाही. दरवर्षी हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या बाया महिन्याचे सगळे दिवस फडात असतात. पोट हातावर असलेल्या बाईला चार दिवस बाजूला कोण बसू देतं? उसाला त्यांचा हात लागतो, मोळीला लागतो. एखादा फड त्यानं जळाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. रोपवाटिकांतून पिशव्या भरणाऱ्या, रोपं लावणाऱ्या बायाच असतात. पंढरपूर इथून काही लांब नाही. तिथं विठोबासाठी तुळशीचे हार ओवून विकणाऱ्या बायका बघा आणि सांगा, त्यांना कुणी तारीख विचारतं का? मग कुंडीतली तुळस तेवढी घरच्या सुनेचीच तारीख कशी ओळखते?

आणि वृंदेची गोष्ट तरी काय सांगते? जालंधराची पतिव्रता बायको. देवानं तिच्या नवऱ्याचं रूप घेऊन तिला फसवलं, आणि तिनं त्या देवाला दगड हो म्हणून शाप दिला. तोच शाळिग्राम. तिची झाली तुळस. म्हणजे जिचा काडीचा अपराध नव्हता, जिनं दुसऱ्याच्या कपटाची शिक्षा भोगली, अशा बाईचं हे झाड. त्याच झाडाच्या नावानं आपण पुन्हा एका निरपराध बाईला पिंजऱ्यात उभं करतो. वृंदेला काय वाटत असेल!

"पण आमच्या आजीच्या वृंदावनातली तुळस कधी वाळली नाही," असं म्हणणारे आता पुढं येतील. येऊ देत. आजीचं वृंदावन मोकळ्या अंगणात होतं, दिवसभर उन्हात. बऱ्याच ठिकाणी त्याला खाली तळच नसायचा, मुळं सरळ जमिनीत जायची, जादाचं पाणी मुरून जायचं. आणि मुख्य म्हणजे ती एकच तुळस नव्हती. तुळस काही वडासारखी शंभर वर्षं जगत नाही. कुंडीत दोन-तीन वर्षं नीट जगली तरी पुष्कळ. मंजिऱ्यांचं बी तिथंच पडायचं, पावसाळ्यात रोपं उगवायची, आजी त्यातलं एक ठेवायची. जुनी वाळायची, नवी असायची. आजीला ते माहीत होतं, म्हणून ती कुणाला बोल लावत बसली नाही. आपण कुंडी नवव्या मजल्यावर नेली, बी पडायची जागा ठेवली नाही, आणि तुळस अमर असावी ही अपेक्षा तेवढी ठेवली.

एक गोष्ट मात्र मान्य करते. जुन्या बायका म्हणायच्या, तुळस वाळलेली दिसली की समजावं त्या घरात काहीतरी बिनसलंय. यात तथ्य असू शकतं. ज्या घरात आजारपण आहे, धावपळ आहे, तिथं अंगणाकडं बघायला कुणाला सवड नसते. पण मग त्याचा अर्थ असा, की वाळलेली तुळस दिसली तर आत जाऊन त्या बाईला विचारावं, "बरी आहेस ना गं?" उलटतपासणी घ्यावी असा नव्हे.

असो. नुसतं भांडून तुळस जगत नाही, म्हणून मी काय करते ते सांगते.

तुळशीच्या लग्नाला तिच्याभोवती ऊस उभे करतो, तेव्हा ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते. बी धरण्यात तिची सगळी ताकद जाते आणि ती म्हातारी व्हायला लागते. म्हणून लग्न लागलं की दोन-चार दिवसांत मी मंजिऱ्या खुडते. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवते. तोच माझा विमा. होळीनंतर ऊब आली की पेरायचं.

पाणी तांब्यानं मोजत नाही, बोटानं मोजते. बोटाचं पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी, तेही ऊन वर आल्यावर. पूजेला रोज पाणी घालायचं असेल तर पळीभर घाला. देवाला तांब्या-पळीतला फरक खुपत नाही. साखर घातलेलं दूध, चहाचा चोथा, हळदी-कुंकवाचे थर बुंध्याशी नकोत. दिवा खोडापासून वीतभर लांब. कुंडीला भोक आहे का आणि ते बुजलं नाही ना, हे दिवाळीआधी बघायचं. मातीत तिसरा हिस्सा वाळू आणि तिसरा हिस्सा मुरलेलं खत. थंडीत वरून खत मुळीच नाही. झोपलेल्याला कुणी जेवायला घालतं का?

ऊन कुठं येतं तेही बघा. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडं कलतो आणि भर दुपारीही निम्म्याच उंचीवर असतो. उत्तरेकडच्या गॅलरीतली तुळस पावसाळ्यात खुशीत असते आणि थंडीत उन्हाचं तोंड बघत नाही. कुंडी उचलून दक्षिणेच्या भिंतीशी ठेवली की निम्मं काम झालं. भिंत दिवसभर तापते, रात्री ऊब देते. फारच गारठा असेल तर रात्री जुनी सुती ओढणी किंवा गोणपाट टाका, सकाळी काढा. प्लॅस्टिक पानांना चिकटेल असं गुंडाळू नका.

परदेशातल्या पोरींनो, तुमच्यासाठी वेगळं. रात्रीचा पारा १२ च्या खाली जायला लागला की कुंडी आत घ्या, बर्फाची वाट बघू नका. दक्षिणेची खिडकी, पण काचेला टेकवून नाही आणि हीटरच्या झोतातही नाही. उजेड पुरत नाही, तेव्हा झाडांसाठीचा दिवा आणा आणि बारा-चौदा तास लावा. पाणी अगदी बेतानं. पानांखाली लाल कोळी दिसला तर पानं धुऊन काढा. आणि एवढं करूनही वाळली, तर वाळली. पुडीतलं बी घ्या, नवी पेरा. त्यासाठी कुणाची माफी मागायची नाही.

आषाढात तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत बोरगावकडं निघते, तेव्हा या रस्त्यानं शेकडो बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. कुणी विचारत नाही कुठली कुणाची, कुणाला आज कितवा दिवस. तुळस डोक्यावर घ्यायला चालणारी बाई घरात तिला शिवली की तुळस जळते, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी यंदा एकच करावं. सुनेला बोलायच्या आधी कुंडीत बोट घालून बघावं. माती ओली लागली, तर गुन्हेगार कोण ते कळेल. तो बहुतेक तांब्याच असेल.