चित्र न पाहता सौंदर्यशास्त्र

एम. ए.च्या वर्गात मी मर्ढेकरांचे लयतत्त्व सुमारे अकरा वर्षे शिकवले. संवादलय, विरोधलय आणि समतोललय यांच्या व्याख्या, त्यांवर घेतले गेलेले आक्षेप, त्या आक्षेपांना देता येणारी उत्तरे, असा सगळा विधी दरवर्षी यथासांग पार पडत असे. विद्यार्थी टिपणे उतरवून घेत, परीक्षेत ती उतरवून देत आणि बऱ्यापैकी गुण मिळवत. एके वर्षी तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे तिन्ही नियम ज्यात दिसतात असं एखादं चित्र दाखवाल?" माझ्याकडे चित्र नव्हते. मी फळ्यावर खडूने दोन वर्तुळे आणि एक तिरकी रेघ काढली. ती काही बोलली नाही; तिने ती वर्तुळे आणि रेघ वहीत उतरवून घेतली. पुढे उत्तरपत्रिकांत ती आकृती मला अनेकदा भेटली. एकीत तर तिच्याखाली 'मर्ढेकरांची आकृती' असे लिहिलेले होते.

ही गोष्ट माझ्या अज्ञानाची आहे, हे मान्यच आहे. पण ती माझ्या एकट्याची नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' हा मर्ढेकरांचा ग्रंथ १९५५ साली आला. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर रा. भा. पाटणकर, प्रभाकर पाध्ये आणि इतरांनी ही चर्चा दोन-तीन पिढ्या हिरिरीने चालवली. रंग, रेषा, आकार, स्वर हे शब्द या चर्चेत पानोपानी येतात. मर्ढेकरांच्या लेखी सौंदर्य म्हणजे इंद्रियसंवेदनांची लयबद्ध रचना. तसे मानले की रंगाची आणि स्वराची कला त्या व्याख्येत सहज बसते. पंचाईत होते ती साहित्याची, कारण त्याचे माध्यम अर्थाने भरलेले. म्हणजे मर्ढेकरांच्या मांडणीत चित्र हे सोपे उदाहरण आहे आणि साहित्य हा अवघड प्रश्न. आपण सोपे उदाहरण गाळतो आणि अवघड प्रश्न तेवढा शिकवतो. मग मर्ढेकर दुर्बोध आहेत अशी तक्रार करतो!

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगतो. साहित्याच्या वर्गात चित्र यायला हवे, आणि ते पाठ्य म्हणून यायला हवे. कवितेची ओळ जशी आपण थांबून, उलटून, शंका घेऊन वाचतो, तसे ते वाचले गेले पाहिजे. नुसती सजावट म्हणून ते येणार असेल तर न आलेलेच बरे.

हे शेवटचे वाक्य कडवट वाटेल, पण त्याला कारण आहे. 'कला-एकात्मिक' हा शब्द आता शाळांतून सर्रास ऐकू येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२०-२१ पासून पहिली ते दहावीच्या वर्गांना असे प्रकल्प आवश्यक केले. आपल्या राज्याच्या जोडीला दिलेल्या दुसऱ्या राज्याच्या कलेशी शालेय विषय जोडून दाखवायचा, असा त्यांचा एक प्रकार. महाराष्ट्राच्या जोडीला आहे ओडिशा. माझ्या भाचीचा असा प्रकल्प मी पाहिला. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली पट्टचित्राची रंगीत प्रिंट मधोमध चिकटवलेली, भोवती चकचकीत कागदाची किनार, खाली सुवाच्य अक्षरात ओडिशाचे क्षेत्रफळ, राजधानी आणि प्रमुख पिके. पूर्ण गुण मिळाले होते. चित्रात काय आहे असे विचारल्यावर ती प्रांजळपणे म्हणाली, "ते नाही बघितलं, मामा. ते नुसतं लावायचं होतं."

या एका पट्टचित्रात केवढे शिक्षण दडलेले आहे, पाहा. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देऊन त्याची भूमी तयार करतात. पांढरा रंग शंखापासून, काळा काजळीपासून. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आणखी काय हवे? पुरीच्या मंदिरात ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर मूर्ती काही दिवस दर्शनाला नसतात. त्या काळात पटावर रंगवलेल्या देवतांची पूजा होते. म्हणजे तिथे चित्र देवाच्या जागी उभे राहते. प्रतीक आणि प्रतिमा यांतला फरक घोकून घेणाऱ्या भाषाशिक्षकाला याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार? पण प्रकल्पाने यातले काहीच मागितले नाही. त्याने चित्र मागितले. पाहणे मागितले नाही. कला सगळ्याच विषयांत मिसळली आहे असे एकदा कागदावर ठरले, की चित्रकलेचा वेगळा तास कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

शाळेत चित्राची ही गत आणि महाविद्यालयात त्याला मज्जाव. वर्गात चित्र आणण्याचा विषय काढला की आपले सहकारी तीन आक्षेप घेतात. तिन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून उत्तर देतो.

पहिला आक्षेप तत्त्वाचा. साहित्य ही शब्दांची कला. तिच्यात चित्राची लुडबुड नको. या मताला मोठा आधार लेसिंगच्या 'लाओकून'चा (१७६६). काव्य काळात उलगडते आणि चित्र-शिल्प अवकाशात, ही सीमारेषा त्याने आखली. गंमत अशी की लाओकूनचे मूळ शिल्प न पाहताच त्याने हा ग्रंथ लिहिला होता. इटलीला तो गेला १७७५ साली. तेव्हा न पाहता लिहिण्याची आमची परंपरा तशी प्रतिष्ठित आहे! पण लेसिंगने दोन कला शेजारी ठेवल्या, म्हणून त्याला सीमा दिसली. एकच कला पाहणाऱ्याला सीमा तरी कुठून दिसणार?

आणि आपल्या परंपरेचे काय? विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिविद्या शिकायला जातो. ऋषी त्याला सांगतात की चित्र कळल्यावाचून मूर्ती कळणार नाही, नृत्य कळल्यावाचून चित्र कळणार नाही, वाद्य कळल्यावाचून नृत्य आणि गीत कळल्यावाचून वाद्य. गीतापाशी आल्यावर संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश असे भाषेचे प्रकरण सुरू होते. मूर्तीपासून निघालेला विद्यार्थी भाषेच्या वर्गात पोहोचतो. आपण मात्र भाषेच्या वर्गाचे दार आतून लावून घेतले आहे.

विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण यांना त्यांच्याच गतायुष्याच्या चित्रांपुढे उभे केले आहे. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते. चित्रे पाहता पाहताच तिला पुन्हा त्या अरण्यात जाण्याची इच्छा होते. त्या इच्छेसाठी सिद्ध झालेल्या रथातूनच पुढे तिचा त्याग होतो. चित्र काढून टाका, नाटक उभेच राहत नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत चित्रातल्या भुंग्याला धमकावतो आणि हे चित्र आहे असे विदूषकाने सांगताच कोसळतो. चित्र पाहणे म्हणजे काय, ते कधी भूल पाडते आणि ती भूल उतरल्यावर काय उरते, याचा इतका सूक्ष्म विचार ज्या नाटकांत आहे, ती आपण एकही चित्र न दाखवता शिकवतो आणि 'करुणरस' असे लिहून पुढच्या अंकाकडे वळतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? माझा अनुभव सांगतो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतरच्या वर्षी मी वासुदेव गायतोंडे यांच्या १९७०च्या दशकातल्या एका चित्राची मोठी प्रिंट वर्गात नेली. पहिली दहा मिनिटे कोणी काही लिहायचे नाही, फक्त पाहायचे, असे सांगितले. ही दहा मिनिटे मला फार जड गेली. शांत वर्गाची आम्हा शिक्षकांना भीती वाटते. मग एकाने समतोल दाखवला: वरच्या बाजूचे लहान गडद आकार आणि खालची मोकळी जागा. दुसरीने संवाद दाखवला: एकाच रंगाच्या छटा एकमेकींत विरत जातात. आणि मागच्या बाकावरच्या, एरवी गप्प असणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "पण सर, यात विरोध कुठाय? आणि नसेल तर हे चित्र सुंदर का वाटतं?"

तीन तासांत मी जे पोचवू शकत नव्हतो ते त्या एका प्रश्नात होते. चित्राने सिद्धांताला उलट प्रश्न विचारला होता. मग वर्गात वाद झाला: विरोध रंगात नसून खालचा थर आणि वरचा थर यांच्यात आहे का? आपण नियम चित्रावर लादतो आहोत का? त्या दिवशी मर्ढेकरांचे पुस्तक ग्रंथालयातून चौघांनी नेले. वेळ गेला असे मी म्हणणार नाही. अकरा वर्षे जो गेला होता, तो वेळ गेला होता.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. आम्हाला चित्रकलेतले काय कळते? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. मुंबई विद्यापीठ आणि सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट दोन्ही १८५७ सालची. एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, आपले वाचायला शिकणारे आणि त्यांचे पाहायला शिकणारे दीडशेहून अधिक वर्षे वेगवेगळे शिकत आले. या फारकतीची फळे आपण आहोत. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षाही आपल्या घरांत बहुधा दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिल्या जातात. पण अधिकार नाही म्हणून पाहायचेच नाही, हा न्याय आपण अन्यत्र लावत नाही. ज्ञानेश्वरी शिकवण्यापूर्वी कोणी योगाभ्यास केलेला नसतो. चित्राविषयी निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला नसेल. त्याच्यापुढे विद्यार्थ्यांबरोबर बसून प्रश्न विचारण्याचा आहे. गुरुजींना उत्तर माहीत नाही, असे पाठ्य वर्गात असणे हीच मुळात आरोग्यदायी गोष्ट आहे.

धोका आहे, तोही नाकारत नाही. चित्र आले की ते शब्दांचे 'स्पष्टीकरण' होऊन बसते. निसर्गकवितेशेजारी डोंगरामागून उगवणारा सूर्य! अशाने दोन्हींची हानी होते. उपाय एकच: पाठ्याशी सहमत नसलेले चित्र निवडावे. वाङ्मयेतिहासात आपण हालाची 'गाथासप्तशती' शिकवतो. अजिंठ्याच्या ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतली जुनी चित्रे सातवाहनकाळातली मानली जातात. दोन्ही शेजारी ठेवा. गाथांत शेते, खेडी, घरातल्या आणि घराबाहेरच्या प्रेमाची कुजबुज; दहाव्या लेण्याच्या भिंतीवर बोधिवृक्षाच्या पूजेला परिवारासह निघालेला राजा. एका काळाच्या या दोन साक्षी जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हे विचारायला लावणे म्हणजे वाङ्मयेतिहास शिकवणे.

किंवा चिपळूणकर घ्या. 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली, हे प्रत्येक विद्यार्थी लिहितो. त्याच विष्णुशास्त्र्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि तिथून देवदेवतांची, मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत चित्रे छापली जाऊ लागली, हे लिहिणारा क्वचितच भेटतो. निबंध वाचणाऱ्यापर्यंत पोचले; चित्रे अक्षरशत्रूच्या भिंतीवरही लागली. स्वाभिमानाची जी भाषा आपण निबंधांत शोधतो, ती त्या चित्रांतल्या पगडीच्या, तलवारीच्या, नजरेच्या रेखाटनात कशी दिसते, हे न पाहता 'मालाकारांचे कार्य' पूर्ण कसे होते?

म्हणून मागणी साधी आहे. नवा विषय नको, नवी समिती तर नकोच. प्रत्येक अभ्यासपत्रिकेत एक चित्र नेमावे, जसे पुस्तक नेमतो तसे, चित्रकाराच्या नावासह आणि काळासह. आणि परीक्षेत, जसा आपण अपठित उतारा देतो, तसे विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेले एक चित्र द्यावे. प्राथमिक शाळेत आपण मुलांना चित्रवर्णन लिहायला लावतो: झाड आहे, नदी आहे, नदीत होडी आहे. पुढे विद्यार्थी मोठा होतो आणि प्रश्न नाहीसा होतो. तो पुन्हा यावा, वाढलेल्या वयाला शोभेल असा: होडी इथेच का आहे, आणि नसती तर काय झाले असते?

त्या विद्यार्थिनीला मी दोन वर्तुळे आणि एक रेघ दिली. ती आता एका महाविद्यालयात मराठी शिकवते. तिच्या वर्गातही ती आकृती फळ्यावर निघत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होतो. हा लेख तिच्यासाठी आहे, उशिरा दिलेले उत्तर म्हणून.